गावातला रेडिओ आणि रोगप्रतिबंध: आतापर्यंतचा हिशेब

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावात, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. जलसंजीवनीची ही कहाणी वैद्यकाच्या इतिहासात ठळकपणे नोंदली गेली आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. मिश्रण कसे करायचे याची पत्रके सीमेवर वाटली गेली, आणि तीच माहिती बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही प्रसारित झाली. डॉक्टर जिथे पोचू शकत नव्हता तिथे आवाज पाठवावा, हा विचार त्यामागे होता.

हा विचार त्याआधीही होता आणि नंतर अनेक देशांत तो राबवला गेला. त्याचा नेमका परिणाम किती, आणि झालाच तर कशामुळे, हा प्रश्न मात्र अजून निकाली निघालेला नाही. या आढाव्यात त्याच्या मुख्य बाजू मांडायच्या आहेत. सुरुवातीलाच एक फरक नोंदवून ठेवतो. ‘रोगप्रतिबंध’ या एका शब्दाखाली दोन निराळी कामे येतात. लस टोचून घेणे किंवा शोषखड्डा खणणे हे एकदाच करायचे काम असते. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणे किंवा आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवणे हे जन्मभर करत राहायचे काम असते. रेडिओच्या यशापयशाची बरीचशी चर्चा हा फरक न करता झाली आहे, असे मला वाटते.

मंडळात बसून ऐकणे

१९४०च्या दशकात खेड्यांसाठी रेडिओ वापरण्याचे दोन मोठे प्रयोग पुढे आले. कोलंबियातल्या सुतातेन्सा या डोंगरी गावात होसे होआकिन साल्सेदो या तरुण पाद्र्याने १९४७ मध्ये छोटे केंद्र सुरू केले. अक्षरओळख, हिशेब, शेती आणि धर्म यांच्याबरोबर आरोग्य हाही त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. शेजारपाजारची माणसे एका घरी जमत आणि गावातलाच एक मदतनीस धडा पुढे नेई. त्याआधी कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालू होती. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे सूत्र होते.

ती पद्धत भारतात पहिल्यांदा तपासून पाहिली गेली ती मराठी मुलखात. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांसाठी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ होते. ते एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. विषय प्रामुख्याने शेतीचे असले तरी आरोग्य, शिक्षण आणि ग्रामपंचायत हेही त्यांत होते. मूल्यमापनाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते, आणि जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

या अभ्यासाचे मोल त्याच्या मांडणीत आहे. मंडळ असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे, अशी तुलना त्यात केली होती. मंडळांच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी वाढली नाही. मंडळांच्या गावांनी विहिरी घेतल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या सुरू केल्या. म्हणजे चावडीवर कर्णा लावून गाव बदलत नाही, हे १९५६ मध्येच आकड्यांनिशी समोर आले होते. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण पुण्यात जी देखरेख आणि प्रश्नोत्तरांची तत्परता होती ती विस्तारात टिकली नाही. काही वर्षांत अनेक मंडळे कागदावरच उरली. पुढे १९७५-७६ च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाने सरकारचे आणि अभ्यासकांचेही लक्ष पडद्याकडे वळवले.

याच पद्धतीचा आरोग्यासाठी झालेला सर्वांत मोठा वापर टांझानियात झाला. १९७३ मध्ये तिथे ‘म्तू नी आफ्या’ ही बारा आठवड्यांची मोहीम झाली. हिवताप, अंकुशकृमी, बिल्हार्झिया, आमांश आणि क्षय हे तिचे विषय होते. सुमारे वीस लाख प्रौढ माणसे जवळपास ७५ हजार अभ्यासगटांत बसून कार्यक्रम ऐकत आणि त्याच आठवड्यात काहीतरी करत. कुठे शौचालयाचा खड्डा खणला जाई, कुठे घराभोवतीची डबकी बुजवली जात. लाखो शौचालये उभी राहिली.

मतभेद आहेत ते श्रेयाबद्दल. मोहिमेमागे सत्ताधारी पक्षाची गावोगावची यंत्रणा होती, छापील पुस्तिका होत्या, प्रशिक्षित गटप्रमुख होते. रेडिओ या सगळ्याला एका तालात ठेवत होता, पण खड्डा आवाजाने खणला गेला की कार्यकर्त्याच्या धाकाने, हे त्या माहितीवरून वेगळे काढता येत नाही. शिवाय ही शौचालये पुढे किती वर्षे वापरात राहिली, हा निराळाच प्रश्न आहे.

तीन बाटल्या पाणी

गटपद्धतीला माणसे लागतात. ती नसतील तर काय, याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गाम्बियात झाला. अतिसाराने दगावणाऱ्या बाळांसाठी घरीच साखर-मिठाचे पाणी करायला आयांना शिकवायचे होते. अडचण मापाची होती. मीठ जास्त पडले तर बाळाला अपाय होतो, आणि बहुतेक आयांना वाचता येत नव्हते. मग घरोघरी सापडणारी शीतपेयाची बाटली आणि तिचे बूच हेच माप ठरले: तीन बाटल्या पाणी, आठ बुचे साखर, एक बूच मीठ. कृतीचे रंगीत चित्रपत्रक दोन लाखांच्या संख्येने छापून वाटले आणि ते कसे ‘वाचायचे’ हे रेडिओवरून समजावले. मग १९८२ च्या पावसाळ्यात सोडत जाहीर झाली. ७२ गावांतल्या स्पर्धांना सुमारे ११ हजार बाया जमल्या. मिश्रण अचूक करून दाखवणारीला प्लास्टिकचे मोजपात्र मिळे आणि मोठे बक्षीस रेडिओ-कॅसेटचे होते. काही महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश आयांना सूत्र तोंडपाठ झाले होते आणि जवळपास निम्म्या जणींनी ते वापरल्याचे सांगितले.

या प्रयोगाकडे दोन्ही पक्ष बोट दाखवतात. आवाज योग्य तऱ्हेने वापरला तर निरक्षर समाजातही गुंतागुंतीची कृती शिकवता येते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष ‘वापरल्याचे सांगितले’ या शब्दांवर अडतो. मला त्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग संदेशाआधीचा वाटतो. कोणती बाटली प्रत्येक घरात असते हे आधी जाऊन पाहिले गेले.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने याच कामासाठी उलटी वाट धरली. १९८० ते १९९० या काळात तिच्या प्रशिक्षित स्त्रियांनी एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण समोर बसून शिकवले. त्यांचा मेहनताना आईच्या लक्षात किती राहिले यावर ठरत असे. तरीही सुरुवातीला लक्षात भरपूर राहिले आणि वापर मात्र थोडाच झाला. शोध घेतल्यावर दिसले की घरातल्या पुरुषांना विश्वासात घेतलेच नव्हते, आणि शिकवणाऱ्या काहींचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या आणि रेडिओ-दूरचित्रवाणीचीही मदत घेतली गेली. घरभेट विरुद्ध रेडिओ असा सामना लावणाऱ्यांनी ही दुरुस्ती ध्यानात घ्यायला हवी. घरभेटीत कृती हातात बसत होती, पण गावात तिला मान्यता मिळवून द्यायला सर्वांनी एकदम ऐकलेला आवाजही कामी आला.

कथेतून उपदेश

श्राव्य मालिकांची परंपरा आपल्याला परकी नाही. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ मालिकेतले टेकाडे भावजी रोजच्या गप्पांतून नागरिकांचे कान टोचत, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. ब्रिटनमध्ये १९५१ पासून राष्ट्रीय पातळीवर चालत आलेली ‘द आर्चर्स’ही मुळात शेतकऱ्यांना सुधारित शेतीची माहिती देण्यासाठीच होती.

या प्रकाराची शिस्तशीर चाचणी पुन्हा टांझानियातच झाली. १९९३ मध्ये सुरू झालेली ‘त्वेंदे ना वाकाती’ ही एड्स आणि कुटुंबनियोजनावरची मालिका दोडोमाच्या प्रक्षेपकावरून दोन वर्षे मुद्दाम लावली नाही. एव्हरेट रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भागांची तुलना केली. मालिका ऐकू येणाऱ्या भागांत कुटुंबनियोजनाचा वापर अधिक वाढला, आणि १९९५ मध्ये दोडोमात ती सुरू झाल्यावर तिथेही तसाच कल दिसला. एड्सबाबतचे निष्कर्ष मुख्यतः लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर उभे होते. आक्षेप आहे तो याच जागी: योग्य उत्तर कोणते हे मालिकेनेच शिकवलेले असते, आणि पाहणी करणारा विचारतो तेव्हा माणूस तेच उत्तर देतो.

बुर्किना फासो: आकड्यांची कसोटी

म्हणून मृत्यूच मोजावेत, असे काही जणांनी ठरवले. डेव्हलपमेंट मीडिया इंटरनॅशनल या संस्थेने लंडनच्या आरोग्यविद्या महाविद्यालयातल्या संशोधकांसह २०१२ ते २०१५ या काळात बुर्किना फासोत हा प्रयोग केला. या देशात स्थानिक भाषांतली एफएम केंद्रे भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा पल्ला मर्यादित आहे. चौदा केंद्रांचे परिसर निवडून सातांत मोहीम झाली आणि सात तुलनेसाठी तसेच ठेवले. एक मिनिटाचा संदेश दिवसातून दहा वेळा लागे, आणि आठवड्यातले पाच दिवस दोन तासांचा, श्रोत्यांना फोन करता येईल असा कार्यक्रम असे. मंडळे नव्हती, घरभेटी नव्हत्या. भर होता तो केवळ पुनरावृत्तीवर.

२०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते दोन तोंडांचे होते. बालमृत्यूंच्या पाहणीत मोहिमेचा परिणाम दिसला नाही. दोन्ही प्रकारच्या भागांत मृत्यू झपाट्याने घटले होते, आणि मुळातही दोन्हींची पातळी सारखी नव्हती. आरोग्य केंद्रांच्या नोंदींनी मात्र वेगळे चित्र दाखवले. पाच वर्षांखालील मुलांना तपासणीला आणण्याचे प्रमाण मोहिमेच्या भागात पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १६ टक्के अधिक राहिले. पहिल्या वर्षी हिवतापाच्या तपासण्या ५६ टक्क्यांनी, फुप्फुसदाहासारख्या आजारांच्या ३९ टक्क्यांनी आणि अतिसाराच्या ७३ टक्क्यांनी वाढल्या.

यावरून दोन वाचने निघाली. संशोधकांपैकी काहींनी या वाढीवरून गणिती प्रारूपाने वाचलेल्या मुलांचा अंदाज काढला आणि बालक वाचवण्याचा हा अतिशय स्वस्त मार्ग ठरतो असे मांडले. संशयी वाचकांचे म्हणणे असे, की मृत्यू मोजायला निघालेल्या प्रयोगात मृत्यूंवर फरक दिसला नाही, तर मग मागल्या दाराने प्रारूप आणणे बरोबर नाही. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. चौदा परिसर ही संख्या मृत्यूंतला फरक पकडायला थोडी आहे. दवाखान्याच्या नोंदी मात्र पाहणीतल्या उत्तरांसारख्या तोंडदेखल्या नसतात. आई मुलाला घेऊन खरोखर आली म्हणूनच ती नोंद झालेली असते.

माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा भाग याहून वेगळा आहे. परिणाम ठळक दिसला तो ताप आला, दम लागला, जुलाब झाले की मुलाला घेऊन जा, या प्रकारच्या वागण्यात. रोजच्या सवयींत तो तितका दिसला नाही. म्हणजे दिवसातून दहा वेळा सांगूनही रेडिओने आईला दवाखान्यापर्यंत अधिक नेले आणि रोजच्या सवयींपर्यंत कमी. ज्या अर्थाने आरोग्य खाते ‘प्रतिबंध’ म्हणते, त्या अर्थाने तर हा पुरावा जेमतेमच आहे. वर्षागणिक उतरत गेलेले आकडेही विसरू नयेत, मग कारण संदेशाची नवलाई ओसरणे असो वा आणखी काही.

याच देशात नंतर सोळा केंद्रांवर कुटुंबनियोजनाचा प्रयोग झाला आणि आधुनिक साधनांचा वापर सुमारे २० टक्क्यांनी वाढला. त्यात काही स्त्रियांना रेडिओ संचही दिले होते. मोहीम नसलेल्या भागात ज्यांना संच मिळाले, त्यांच्यात साधनांचा वापर उलट कमी झाला. संच हातात आला म्हणजे आरोग्य आले, असे नाही; त्यातून इतर वेळी काय ऐकू येते त्याचेही वजन पडते.

आवाज कोणाचा

वरच्या सगळ्या प्रयोगांत बोलणारा बाहेरचा आणि ऐकणारा गावातला होता. एक मतप्रवाह नेमका यावरच आक्षेप घेतो. त्याच्या मते गावाने स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या माणसांकरवी बोलणे हाच प्रतिबंधाचा पाया आहे.

भारतात या मागणीला १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बळ दिले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्यात म्हटले होते. शिक्षणसंस्थांना आधी परवाने मिळाले आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ च्या धोरणानंतर. तेलंगणातल्या पूर्वीच्या मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी चालवलेला ‘संगम रेडिओ’ २००८ मध्ये सुरू झाला. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ही त्याच वर्षीची. शंभर वॉटच्या प्रक्षेपकाचा पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा, म्हणजे एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीशी जुळेल इतकाच. उपकेंद्रात लसीकरण कोणत्या वारी आहे, आशाताई कोणत्या वाडीवर येणार आहेत, असे नेमके सांगणे राज्यभर ऐकू जाणाऱ्या केंद्राला जमण्यासारखे नाही. कोविडच्या टाळेबंदीत अशा केंद्रांनी स्थानिक बोलीतून केलेले काम सर्वांनी वाखाणले, पण त्याचे मोजमाप विरळाच झाले. या मतप्रवाहाची ही सर्वांत कच्ची बाजू आहे. त्याचे पुरस्कर्ते म्हणतात की सहभागाला टक्केवारीत मोजणे हीच चूक आहे. आरोग्य खात्याला मात्र पैसा कशावर खर्चायचा हे ठरवायचे असते, आणि त्याला हे उत्तर पुरत नाही.

विश्वासाचा मुद्दा सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत. सुरुवातीच्या संदेशांत या रोगावर इलाज नाही हे ठासून सांगितले गेले. हेतू सावध करण्याचा होता. पण इलाजच नाही तर उपचार केंद्रात कशाला न्यायचे, असा सरळ विचार करून अनेकांनी रुग्ण घरीच ठेवले. गिनीतल्या वोमे गावात त्या सप्टेंबरात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली, त्यांत स्थानिक रेडिओचे पत्रकारही होते. आधी नायजेरियातही असेच कटू अनुभव आले होते. कानोमध्ये फेब्रुवारी २०१३ मध्ये पोलिओ लसीकरण करणाऱ्या स्त्रियांवर गोळीबार झाला, आणि त्याच्या थोडे आधी लसीविषयी संशय पसरवणारा कार्यक्रम केल्याचा ठपका एका रेडिओ केंद्राच्या पत्रकारांवर ठेवला गेला. स्थानिक आवाज म्हणजे आपोआप शहाणा आवाज, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

शंका मुळाशीच

आणखी एक भूमिका या सगळ्या वादाच्या बाहेर उभी आहे. गावात नळ नाही, साबण परवडत नाही, उपकेंद्राला कुलूप आहे. अशा ठिकाणी हात धुवा म्हणून सांगणे म्हणजे व्यवस्थेची जबाबदारी बाईच्या डोक्यावर टाकणे, असे तिचे म्हणणे आहे. रेडिओचे समर्थकही हे बऱ्याच अंशी मान्य करतात. बुर्किना फासोत दवाखान्यात जा हा संदेश चालला तो तिथे दवाखाना होता म्हणूनच. वाद उरतो तो क्रमाचा: आधी सोय की आधी मागणी? केंद्रात औषध नसताना गर्दी वाढवली तर पुढच्या वेळी आई कोणाचेच ऐकणार नाही. दुसरीकडे, मागणीच नसेल तर औषध पाठवायची निकड कोणाला भासत नाही. या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, आणि ते तालुक्यागणिक वेगळेच असणार.

संच नसलेले श्रोते

महाराष्ट्रासाठी हा आढावा वाचताना एक अडचण आधीच समोर येते. आकाशवाणीचे प्रक्षेपण देशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोचते, असे अधिकृतपणे सांगितले जाते. जनगणनेत मात्र रेडिओ असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २००१ मध्ये ३५.१ टक्के होते, ते २०११ मध्ये १९.९ टक्क्यांवर आले. दूरचित्रवाणीचे त्याच काळात ३१.६ वरून ४७.२ टक्क्यांवर गेले. मोबाइलमधला एफएम या मोजणीत धरलेला नाही. तो फोनही बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो.

म्हणून आवाजच फोनवर नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. छत्तीसगडच्या गोंडी भागात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’वर लोक फोन करून स्वतःची तक्रार किंवा बातमी नोंदवतात. गरोदरपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला ध्वनिमुद्रित सल्ला देणारी सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ पासून देशभर पसरत गेली. मध्य प्रदेशातल्या तिच्या चाचणीत बाळाला फक्त आईचे दूध देण्याच्या प्रमाणावर परिणाम दिसला नाही. तात्पुरत्या आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर मात्र ३.७ टक्के अंकांनी वाढला. रोजची सवय हलली नाही, ठरवून करायचा निर्णय थोडा हलला. बुर्किना फासोतले चित्र इथे निराळ्या माध्यमातून पुन्हा दिसते.

काही गोष्टी अनुत्तरित राहतात. मंडळात बसून ऐकण्याचा परिणाम पुण्यात दिसला, पण आजच्या कसोटीची तुलना त्याच्या वाट्याला आली नाही. पुनरावृत्तीच्या पद्धतीची तुलना झाली, पण त्या प्रयोगात मंडळे नव्हती. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच सवयीसाठी, सारख्या खर्चात लावून पाहणे हे पुढचे सरळ पाऊल दिसते. डेंगीच्या हंगामातला कोरडा दिवस त्यासाठी बरा विषय ठरेल, कारण घरातली भांडी उघडून डास-अळ्या मोजता येतात आणि कोणाच्या तोंडी उत्तरावर विसंबावे लागत नाही. सामुदायिक केंद्रांपुढचा प्रश्न याहून साधा आहे. जाहिरातींना वेळेची मर्यादा आहे, स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आणि देणगीदाराचा प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो. हिवतापाचा हंगाम मात्र दर वर्षी येतो, आणि त्या काळात केंद्राचा खर्च कोणी उचलायचा हे अजून ठरलेले नाही.